लिस्बनमध्ये एक दिवस, आबांबरोबर

(स्नेहमेळाव्यातील भाषण. वेळ संपत आल्यामुळे त्या दिवशी गाळलेला थोडा भाग इथे घेतला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘आयटी क्षेत्रातील संधी’. मी हो म्हटलं, चार-पाच मुद्देही काढले. पण काल संध्याकाळी बाजारातून फिरताना तुमच्यापैकी निदान सहा जणांनी विचारलं, “आबा कसे आहेत? युरोपला नेलंस म्हणे त्यांना!” आयटीबद्दल कुणीच विचारलं नाही. तेव्हा संधी वगैरे बाजूला ठेवते आणि आबांना युरोपला नेलं त्यातल्या एका दिवसाचं सांगते. सर, विषय बदलल्याबद्दल माफ करा. निबंधात विषय सोडून लिहिते म्हणून तुम्ही मला दहातले चारच गुण दिले होते. तीस वर्षांत सुधारणा नाही.

आमचं दुकान तुम्हाला आठवत असेल. शाळा सुटली की दहा पैशांच्या गोळ्यांसाठी झुंबड, आणि गल्ल्यावर आबा. आबांचा जन्म १९४७ चा. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. ती १९५३ साली लग्न होऊन साळला गेली. साळ म्हणजे तेच, शिमग्यात गड्यांचा उत्सव होतो ते. इथून चालत तास-दीड तास. पण मध्ये हद्द होती. अलीकडे भारत, पलीकडे पोर्तुगिजांचा डिचोली महाल.

पहिली दोन वर्षं येणं-जाणं होतं. मग १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह झाला. पत्रादेवीला, बांद्याला, इथे दोडामार्गलाही देशभरातून सत्याग्रही आले, गोळीबार झाला, माणसं मेली. हे सगळं सरांनी आपल्याला शिकवलंय. त्यानंतर नाकेबंदी झाली, हे पुस्तकात एका ओळीत होतं. त्या एका ओळीचा आमच्या घरी अर्थ असा झाला की आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली नाही. १९५८ साली आजी वारली. रात्री जंगलातून माल नेणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप पाठवला, तो पोचेपर्यंत बारावा होऊन गेला होता. आबा तेव्हा अकरा वर्षांचे. आजी शेवटचे दोन दिवस “चेडू इला काय?” एवढंच विचारायची, असं आबा सांगतात. दरवर्षी सांगतात, श्राद्धाच्या दिवशी, जेवणं झाल्यावर.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्याच आठवड्यात चौदा वर्षांचे आबा नारळ आणि तांदूळ घेऊन एकटे चालत साळला गेले. तोवर आत्याला तीन मुलं झाली होती आणि तिने भावाला पटकन ओळखलंही नाही.

आता आत्याच्या धाकट्या मुलाविषयी सांगायला हवं. मी त्याला दादा म्हणते. तो १९७२ चा. सुट्टीत आमच्याकडेच पडलेला असायचा, त्यामुळे तुमच्यातल्या काहींनी त्याच्याबरोबर नदीत डुंबणंही केलंय. त्याने कर्ज काढून खनिजाच्या वाहतुकीसाठी ट्रक घेतला होता. डिचोली पट्ट्यात तेव्हा ज्याच्या-त्याच्या दारात ट्रक होता. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात उभा राहिला तो राहिलाच. दोन वर्षांनी दादाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला.

इथल्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरगावी स्थायिक झालेल्यांसाठी सांगते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा आपला नागरिक मानतो. त्याच्या मुलांना, नातवंडांनाही जन्माची नोंद लिस्बनला करून नागरिकत्व घेता येतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून ते घेतलं की भारताचं जातं. नदीच्या पलीकडच्या घराला हा हक्क मिळतो, अलीकडच्या घराला नाही. दादाला तो वडिलांकडून मिळाला. आत्याला स्वतःला नव्हता, ती दोडामार्गची.

आबांनी त्या दिवसापासून दादाशी बोलणं टाकलं. “माझ्या आवशीक जेंनी चेडू दाखवक नाय, तेंचो कागद घेतलो?” एवढं एकच वाक्य. दादाचा फोन आला की आबा उठून परसात जायचे.

तर ही पार्श्वभूमी. लांबली, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कंपनीने मला दोन वर्षांसाठी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला पाठवलं होतं. २०२३ च्या मे महिन्यात आई-आबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. पॅरिस बघायचं का, स्वित्झर्लंड बघायचं का, असं मी विचारत होते. आबांनी एकच नाव घेतलं, लिस्बन. कारण विचारल्यावर म्हणाले, “रानड्यांक ठेवलेलो तुरुंग माका बघूचो आसा.”

मोहन रानडे. सांगलीचा तरुण, १९५० साली शिक्षक म्हणून गोव्यात सावईवेऱ्याला गेला, आझाद गोमंतक दलात सामील झाला. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडला गेला. २६ वर्षांची शिक्षा झाली आणि १९६० साली त्याला थेट पोर्तुगालला नेलं. गोवा मुक्त झाला तेव्हा तो लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात होता, आणि पुढेही सात वर्षं तिथेच राहिला. सुटका जानेवारी १९६९ मध्ये. सुधीर फडक्यांनी त्यासाठी किती खटपट केली, हे आबा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना ऐकवायचे, ते तुम्हीही ऐकलं असेल.

मी शोधलं तर काशियासला अजूनही चालू तुरुंग आहे. तो बघायला कोण सोडणार? मग मला आल्जूब सापडलं. लिस्बनच्या मधोमध असलेला जुना राजकीय तुरुंग. तिथे २०१५ पासून संग्रहालय आहे. रानड्यांचा तुरुंग नाही, पण त्याच सरकारचा. आबा म्हणाले चालेल.

विमानाच्या तिकिटांबरोबर मी एक एक्सेल शीटही केली. हसू नका. अकरा ठिकाणं, प्रत्येकाला किती मिनिटं, दोन ठिकाणांमधलं चालायचं अंतर, स्वच्छतागृह कुठे, सगळं. आम्ही सहा जण होतो. आई-आबा, मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. शीटमध्ये बारावी गोष्ट नव्हती, ती आईने परस्पर ठरवली होती आणि मला आदल्या रात्री हळूच सांगितली. तिने दादाला फोन केला होता. त्याची हॉटेलातली सकाळची पाळी तीन वाजता संपते, मग तो आम्हाला गाठणार होता. आबांना पत्ता नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी साडेआठला आम्ही रोसियो चौकातून सुरुवात केली. चौकात काळ्या-पांढऱ्या दगडी चिपांच्या लाटा काढलेल्या आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या. पाय ठेवला की जमीन खरोखर हलतेय असं वाटतं. आई कडेलाच थांबली. “हेंका रांगोळी कोणी शिकयली?” म्हणाली, आणि चप्पल घालून रांगोळीवर कसं चालायचं म्हणून पहिला अर्धा चौक कडेकडेने गेली. लिस्बनचे सगळे पदपथ अशाच चुनखडीच्या आणि काळ्या दगडाच्या तुकड्यांचे. हाताने एकेक तुकडा ठोकून बसवायचा. दिसायला सुंदर, पण पिढ्यान्‌पिढ्या पाय घासून गुळगुळीत झालेले, उतारावर घसरतात. आबांनी त्यासाठी म्हापशाच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले होते. मी हात पुढे केला तर, “माका चालूक जमता. तू तुझी मुलां सांभाळ.”

रोसियोपासून नदीपर्यंतचा भाग सपाट आहे आणि सगळे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. त्याचं कारण भूकंप. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, चर्चमधून मेणबत्त्या पेटलेल्या. सकाळी भूकंप झाला, मेणबत्त्यांनी आगी लागल्या, आणि जी माणसं जीव वाचवायला नदीकाठच्या मोकळ्यावर धावली त्यांच्यावर समुद्राच्या लाटा आल्या. नंतर पोंबाल नावाच्या मंत्र्याने हा भाग नव्याने बांधला. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा घालायचा, म्हणजे हादरा बसला तर इमारत डुलेल पण पडणार नाही. नमुना तयार करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. आमच्या धंद्यात याला लोड टेस्टिंग म्हणतात. मी हे उत्साहाने सांगत होते आणि ऐकत फक्त नवरा होता, तोही सवयीने.

कारण आबा आणि मुलं दुसऱ्याच कामात गुंतले होते. झालं असं की एका किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर पाटी होती, ‘शाव्ह’. माझ्या मुलाने इंग्रजी धर्तीवर ती ‘चावे’ अशी वाचली. आबा थबकले. “चावी!” मग बेकरीवर ‘पांव’. फळांच्या गाड्यावर ‘अननाश’, ‘पपाया’. सुपरमार्केटमध्ये ‘सबांव’, म्हणजे साबण, आणि ‘बटाटा’ तर जसाच्या तसा. चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाच्या समोर त्याचंच दुकान कुणीतरी परक्या लिपीत मांडून ठेवावं तसं झालं. मुलगी फोनवर शोधून आणखी सांगायला लागली. बादली, परात, घमेलं, पिंप, फीत, बिजागरी, कोबी, लिलाव, पगार. मुलाने विचारलं, “आबा, म्हणजे हे लोक यायच्या आधी आपण बटाटेवडा खायचो नाही?” आबा म्हणाले, “बटाटो नाय आनी पावय नाय. मिरचीसुद्धा तेंनीच हाडली.” मुलाने पोर्तुगिजांना तिथल्या तिथे माफ करून टाकलं.

आबांनी नाही. नदीकाठच्या मोठ्या चौकात पोचलो. तीन बाजूंनी पिवळ्या कमानींच्या इमारती, चौथ्या बाजूला तेजो नदी, पणजीला मांडवी दिसते त्याहून कितीतरी रुंद. दोन खांबांच्या मधून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. भूकंपाआधी इथे राजवाडा होता आणि त्यातच ‘काझा द इंडिया’, भारताच्या व्यापाराची कचेरी. मिरी, दालचिनी, लवंग सगळं त्या कचेरीतून जायचं. आबा पायरीवर उभे राहून पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हयसून निघाले ते आमच्या दारात येवन उभे रवले. केदो मोठो समुद्र. आनी आमका साळाक जावक देवक नाय.”

माझ्या शीटप्रमाणे त्या चौकाला पंचवीस मिनिटं होती. पन्नास गेली. मी पहिला थांबा कापला.

तिथून चढ सुरू होतो. वर लिस्बनचं जुनं कॅथेड्रल, आणि त्याच्या समोरच आल्जूब. रस्त्यावरून पिवळी ट्राम खडखडत जाते, पर्यटक तिचे फोटो काढतात आणि बहुतेकांची पाठ तुरुंगाकडे असते. आधी धर्मपीठाचा तुरुंग, मग बायकांचा, आणि १९२८ ते १९६५ राजकीय कैद्यांचा. तुरुंग हा आपला शब्दही मुळात पोर्तुगीजच, हे मुलीने नेमकं दारात सांगितलं.

आत गेल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की मी आबांना फसवून आणल्यासारखं झालंय. त्यांना अपेक्षा होती ती आपल्या माणसांवर केलेल्या जुलमाची. आणि भिंतींवर फोटो होते ते पोर्तुगीज माणसांचे. छापखान्यातले कामगार, विद्यार्थी, वकील, शेतमजूर. सालाझारची गुप्त पोलीस, ‘पिदे’ तिचं नाव. खबऱ्यांचं जाळं, झोपू न देता दिवसचे दिवस उभं करून ठेवणं. एकांतवासाच्या कोठड्या होत्या. कैदी त्यांना ‘कुर्रु’ म्हणत, म्हणजे झुंजीचा बैल कोंडतात ती खोली. त्यांतली एक कोठडी दाखवायला पुन्हा उभी केली आहे. एक माणूस आडवा होईल एवढीच. आबा आत जाऊन उभे राहिले. आई म्हणाली, “अवो, बाहेर येवा, माझो जीव घुसमटता.” ते बऱ्याच वेळाने बाहेर आले.

मी त्यांना मजकूर वाचून सांगत होते. एका ठिकाणी मारिओ सोआरिश हे नाव आलं. हा तरुण वकील कित्येकदा पकडला गेला, इथेही राहिला, पुढे १९६८ मध्ये आफ्रिकेजवळच्या एका बेटावर हद्दपार केला गेला. आबांनी मला थांबवलं. “सोआरिश? यशवंतरावांबरोबर सही केलेली तो?”

मला माहीत नव्हतं. मी फोनवर पाहिलं. २५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालच्या सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनीच ती राजवट उलथली, लोकांनी बंदुकीच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली. नव्या सरकारात सोआरिश परराष्ट्रमंत्री झाले. आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत त्यांनी करारावर सही केली की गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालला मान्य आहे. आपल्या बाजूने सही करणारे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. म्हणजे मुक्तीनंतर तेरा वर्षांनी, आपल्या शाळेत शिकवलेल्या एका माणसाने नाही, पण प्रत्येक भाषणात ज्याचं नाव यायचं त्या माणसाने, आणि समोरून या इमारतीत कोंडून ठेवलेल्या एका माणसाने. आबांना ते पेपरात वाचलेलं आठवत होतं. माझं इंजिनीअरिंगचं शिक्षण अशा वेळी अगदी उपयोगाचं नसतं.

आबा तिथल्या बाकावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “तो गव्हर्नर. वासालो.” तो किस्सा मला माहीत होता, कारण तो आबांचाच. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने गोव्याच्या गव्हर्नर जनरलला, वासाल्लो इ सिल्व्हाला, शेवटच्या माणसापर्यंत लढा असा हुकूम दिला होता. त्याने तो मानला नाही, शरणागती पत्करली, माणसं आणि पणजी वाचवली. परत गेल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं. १९७४ नंतर मान परत मिळाला. आबा हा किस्सा नेहमी तिरस्काराने सांगायचे, ‘पळाले’ म्हणून. त्या दिवशी नुसतं नाव घेतलं आणि गप्प झाले. मीही काही बोलले नाही. पावणेतीन झाले होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता.

आल्जूबपासून थोडं वर गेलं की सांता लुझिया नावाचं ठिकाण आहे. चर्चशेजारी बोगनवेलीचा मांडव, खाली आल्फामा वस्तीची लाल कौलं आणि पुढे नदी. चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांचं चित्र आहे, भूकंपाआधीच्या चौकाचं. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरताना भिंतीवर तसल्याच निळ्या फरशा आहेत, तुमच्यापैकी कुणी पाहिल्या असतील. आई कौलं मोजल्यासारखी बघत होती. “दोडामार्गाक स्लॅबां पडली आनी हेंची अजून कौलां.”

दादा जिन्याने वर आला. केस पांढरे, हॉटेलातल्या कपड्यांवर जाकीट. तो थेट आबांच्या पाया पडला, तिथेच, पर्यटकांच्या गर्दीत. आबांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. नदीकडे बघत राहिले. आईने कोकमाची पिशवी काढून दादाच्या हातात दिली, कारण काहीतरी करणं भाग होतं. मुलांना तणाव कळत होता, कारण कळत नव्हतं.

दादानेच मग सुरुवात केली, माझ्या मुलाला. “तुका म्हायत आसा, हयचो पंतप्रधान आमच्या मडगावचो? घरात तेका बाबूश म्हणतत.” ते खरंच होतं. अंतोनियो कोश्ता तेव्हा पंतप्रधान होते, त्यांच्या वडिलांचं मूळ घर मडगावचं. मुलाला पटेना. आबा ऐकत होते, तोंड तिकडेच.

आल्फामाचा उतार म्हणजे सगळ्या पायऱ्या. भूकंपात हा भाग बराच वाचला, म्हणून गल्ल्या जुन्याच, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने उंबऱ्यावर चढायचं. डोक्यावर वाळत घातलेले कपडे, खिडकीत तुळशीसारखी कुंडी, दारात स्टुलावर बसून गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या. आई एका म्हातारीशी मालवणीत बोलली आणि ती हिच्याशी पोर्तुगीजमध्ये. दोघींचं पाच मिनिटं छान चाललं होतं. एका वळणावर आबांचा गुडघा अडकला. पायरीवर एक पाय वर, एक खाली, पुढे जाता येईना. मी आणि नवरा मागे होतो, मुलांबरोबर. दादा पुढे होता. तो दोन पायऱ्या चढून आला आणि त्याने आबांच्या काखेत हात घातला. आबांनी झिडकारला नाही. तो त्यांना धरून खाली एका उंबऱ्यावर घेऊन गेला, दोघं बसले. मी मुलांना जरा वर थांबवलं. पण गल्ली अरुंद, सगळं ऐकू येत होतं.

आबांनी विचारलं, “ताईच्या वेळार तू खंय होतंस?”

आत्या गेली एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या ऐन भरात. आबांचा समज असा होता की पोर्तुगीज झालेला मुलगा आला नाही.

दादा म्हणाला, “हयसरच. विमानां बंद. मार्चातच आमचे ओसीआयवाल्यांचे व्हिसा बंद केल्यानी. फोनार बघलंय, मामा. भावान फोन धरलेलो. मधीच रेंज गेली.” मग त्याने विचारलं, “आनी तुमी? मी तुमका थंय शोधी होतंय फोनात. तुमी दिसलात नाय.”

आबांनी लगेच उत्तर दिलं नाही. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. त्या एप्रिलमध्ये आपल्या नाक्यावर काय होतं ते इथल्या प्रत्येकाने पाहिलंय. गोव्याची हद्द बंद. म्हापशाला डायलिसिसला जाणारी माणसं, बांबोळीला जाणारी बाळंतीण, गोव्यात कामाला जाणारी पोरं, सगळी बॅरिकेडच्या या बाजूला.

“नाक्यार,” आबा म्हणाले. “सकाळी सातांक गेलंय. अकरापर्यंत उभो रवलंय. पास नाय म्हणान सोडूक नाय.”

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. तिला त्यांनी सांगितलं होतं की दुकानात जाऊन येतो. तीन वर्षं हा माणूस मनात हे घेऊन होता. बहिणीचं घर चालत तास-दीड तासावर, आणि नाक्यावर चार तास उभा राहून परत आला. एकसष्ट साली ती हद्द गेली असं आपण शिकलो, शिकवलं.

दोघं नंतर किती वेळ बसले ते मी घड्याळात पाहिलं नाही, आणि माझ्या बाबतीत ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. आबांनी एकदा दादाच्या हातावरचे भाजल्याचे डाग बघितले. “ह्या काय?” “फ्रायरचा तेल.” “बोरोलीन लाय.” एवढंच संभाषण. माफी वगैरे कुणी मागितली नाही. कागदाचा विषयही निघाला नाही, तो आजही निघत नाही. आबांचं मत बदललंय असं मला वाटत नाही.

संध्याकाळी दादा आम्हाला मेट्रोने ओदिवेलासला, त्याच्या घरी घेऊन गेला. दोन खोल्या, चौथा मजला. त्याने बांगड्यांची कढी केली होती, आईच्या कोकमांची सोलकढी झाली. देवाच्या फळीवर आत्याचा फोटो होता, साळच्या घरासमोर काढलेला. आबा जेवायला बसायच्या आधी त्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मुलीने माझ्या कानात सांगितलं की फोनवर सतरा हजार पावलं झाली आहेत. माझ्या अकरा ठिकाणांपैकी चार झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी नवरा आणि मुलांना घेऊन बेलेंला गेले. जेरोनिमोश मठ बघितला, मिरी-मसाल्यावरच्या करातून बांधलेला, त्यात वास्को द गामाची कबर. तो वारला कोचीला, १५२४ साली, अस्थी नंतर नेल्या. नदीकाठी दर्यावर्दींचं ते प्रचंड दगडी स्मारकही पाहिलं. आज आहे ते १९६० साली उभारलेलं. हातातून गोवा जायला एक वर्ष उरलं होतं आणि हे दगडात जहाज कोरत होते. मला हे आबांना दाखवायचं होतं. पण आबा आले नाहीत. दादाला त्या दिवशी सुट्टी होती आणि त्याच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी सुटली होती. ती आपण बसवतो म्हणून ते सकाळीच पेचकस शोधत होते.

गेल्या वर्षी चतुर्थीला दादा आला. साळचं घर झाल्यावर दुसऱ्या दिवशी दोडामार्गला. आबा नाक्यापर्यंत त्याला आणायला गेले होते, चालत, ते म्हापशाचे बूट घालून. बूट आता झिजलेत, टाकून द्या म्हटलं तर ऐकत नाहीत. आज येणार होते इथे, पण गुडघा धरलाय. तुम्हा सगळ्यांना सांगायला सांगितलंय की दुकान बंद असलं तरी घरी यावं, आणि ज्यांची उधारी वहीत राहिली आहे त्यांनी तर नक्की यावं. वही त्यांनी ठेवली आहे. तुमच्यातल्या चौघांची नावं मी स्वतः पाहिली आहेत.